मोठ्या शहरातील नव्या व्हीगन जागा, वस्तू आणि उपक्रम: शोधावे कसे आणि पारखावे कसे

मोठ्या शहरात व्हीगन, म्हणजे दूध-अंड्यांसह कोणताही प्राणिजन्य घटक नसलेले, काही मिळतच नाही, ही तक्रार आता बऱ्याच अंशी मागे पडली आहे. आजची अडचण निराळी आहे. मिळते असे जे सांगितले जाते, ते खरोखर व्हीगन आहे का आणि आजही मिळते का, याचा पत्ता लागत नाही. एखाद्या नव्या उपाहारगृहाविषयी वाचून तासभराचा प्रवास करावा, तर दाराला कुलूप असते. किंवा दार उघडे असले तरी मेनूकार्डावरचा एकुलता एक व्हीगन पदार्थ मागच्याच महिन्यात काढून टाकलेला असतो. दुकानात नवे पाकीट दिसते, त्यावर हिरवे पान छापलेले असते आणि घटकांच्या यादीत चौथ्या ओळीवर दुधाची भुकटी असते.

म्हणूनच या लेखात जागांची यादी दिलेली नाही, कारण अशी यादी वाचकाच्या हाती पडेपर्यंत शिळी झालेली असते. त्याऐवजी स्वतःची यादी कशी तयार करावी, तीत नाव घालण्याआधी शहानिशा कशी करावी आणि ते नाव कधी खोडावे, हे क्रमाने सांगितले आहे. ‘व्हीगन’ ही पाटी म्हणजे एक दावा आहे असे समजून चालले, की त्याला पुरावा मागणे आणि त्या पुराव्यावर तारीख घालणे या दोन्ही गोष्टी आपोआप सुचू लागतात.

पहिली पायरी: आपली रेषा आधी आखावी

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये घडवला गेला. दूध आणि अंडीही वर्ज्य मानणाऱ्या काही शाकाहाऱ्यांना स्वतःसाठी वेगळे नाव हवे होते. ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे जोडून ते तयार झाले आणि त्याच वेळी व्हीगन सोसायटी ही संस्था स्थापन झाली. अन्न, वस्त्र किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी होणारे प्राण्यांचे शोषण शक्य आणि व्यवहार्य असेल तितके टाळणे, असा या संस्थेच्या आजच्या व्याख्येचा आशय आहे. त्यातील ‘व्यवहार्य’ या शब्दातच सारी मेख आहे, कारण कुठे थांबायचे हे तो ज्याच्या त्याच्यावर सोपवतो.

ते थांबण्याचे ठिकाण घरी बसून, पोट भरलेले असताना ठरवावे. भुकेल्या पोटी, वेटर समोर उभा असताना नव्हे. पदार्थात प्राणिजन्य घटक नाही एवढे आपल्याला पुरेसे आहे का? ज्या तव्यावर मांस भाजले त्याच तव्यावर आपला पदार्थ भाजलेला चालतो का? वाइन किंवा बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या वाताशयापासून काढलेला पदार्थ वापरला आणि तो नंतर गाळून काढला, तर ते पेय चालते का? बाकी सर्व मांसाहारी पदार्थ विकणाऱ्या साखळी उपाहारगृहात केवळ एका व्हीगन पदार्थासाठी जायचे का? या प्रश्नांची उत्तरे दोन व्हीगन व्यक्तींचीही सारखी येत नाहीत आणि यावी अशी अपेक्षाही नसावी. माझ्यापुरते सांगायचे, तर घटकांच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. धुऊन पुसलेला सामाईक तवा मला चालतो, सामाईक तळणीचे तेल चालत नाही.

मात्र ज्यांना दुधाची, अंड्याची किंवा कोळंबीसारख्या कवचधारी जलचरांची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी ‘व्हीगन’ या शब्दावर कधीही विसंबू नये. हा शब्द जाणीवपूर्वक वापरलेल्या घटकांविषयी बोलतो. त्याच यंत्रावर आधी काय दळले गेले किंवा त्याच सुरीने आधी काय कापले गेले, याविषयी तो काहीच सांगत नाही. अशा वाचकांना अ‍ॅलर्जीविषयीचे वेगळे आणि स्पष्ट आश्वासन मिळणे आवश्यक आहे.

दुसरी पायरी: वही उघडावी

वही कागदाची असो वा मोबाइलमधील असो, तिच्यात प्रत्येक नोंदीसाठी जागेचे नाव, ती शहराच्या कोणत्या भागात आहे, दर्जा, काय तपासले, कोणाकडून कळले आणि कोणत्या तारखेला, एवढे रकाने असावेत. दर्जा ठरवण्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात वापरली जाणारी पद्धत मला सोयीची वाटते. त्या नकाशात उपाहारगृहाच्या नोंदीला व्हीगन आहाराविषयीची खूण जोडता येते आणि तिची नेहमीची उत्तरे चार असतात: ‘फक्त’, ‘हो’, ‘मर्यादित’ आणि ‘नाही’. ‘फक्त’ म्हणजे तेथे दुसरे काही मिळतच नाही. ‘मर्यादित’ म्हणजे एखाद-दुसरा पदार्थ मिळतो. या चारांत मी स्वतःसाठी पाचवी खूण वाढवली आहे, ती म्हणजे ‘ऐकीव’. बातमीत वाचलेली, मित्राने सांगितलेली किंवा रस्त्यावरून जाताना पाहिलेली प्रत्येक जागा प्रथम ‘ऐकीव’ म्हणून नोंदली जाते आणि खातरजमा होईपर्यंत तेथेच राहते. माझ्या वहीत निम्म्याहून अधिक नावे कायम याच रकान्यात असतात आणि त्यात काही वावगे नाही.

तिसरी पायरी: नवे कोठे उगवते ते पाहावे

१९९९ पासून चालत आलेले हॅपीकाउ हे संकेतस्थळ जगभरातील व्हीगन आणि शाकाहारी जागांची सर्वांत परिचित सूची आहे. पूर्ण व्हीगन, शाकाहारी आणि केवळ काही पर्याय देणाऱ्या जागा तेथे वेगवेगळ्या गटांत दाखवल्या जातात, हा तिचा मोठा उपयोग. पण ही सूची लोकांच्या नोंदींवर चालते. म्हणून तिच्यात सरासरी गुण पाहण्याऐवजी सर्वांत अलीकडचा अभिप्राय कोणत्या महिन्यातील आहे, हे आधी पाहावे. पाच वर्षांत मिळालेल्या भरघोस कौतुकापेक्षा मागच्या पंधरवड्यातील ‘आता मेनू बदलला आहे’ हे तीन-चार शब्दांचे वाक्य अधिक मोलाचे असते. नेहमीच्या नकाशा-अ‍ॅपमध्ये अभिप्रायांच्या आत शब्द शोधण्याची सोय असते. तेथे ‘व्हीगन’ हा शब्द न शोधता ‘लोणी’, ‘चीज’, ‘अंडे’ यांसाठीचे स्थानिक शब्द शोधावेत. तक्रारी नेमक्या तेथेच सापडतात.

शोधाला ऋतूही असतो. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या व्हीगन्युअरी या मोहिमेत जानेवारीचा महिनाभर व्हीगन आहार घेण्याचे आवाहन केले जाते आणि त्यामुळे मोठ्या साखळ्या आपले नवे पदार्थ त्याच महिन्यात बाजारात आणतात. १ नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन व्हीगन सोसायटीच्या पन्नाशीच्या निमित्ताने १९९४ पासून पाळला जाऊ लागला. जत्रा, चर्चा आणि पाकवर्ग त्या सुमारास दाटीने भरतात. तेव्हा ‘नवे काय’ हे पाहायला या दोन महिन्यांसारखा दुसरा काळ नाही. परंतु जानेवारीत आलेल्या पदार्थांपैकी बरेच ‘मर्यादित काळासाठी’ असतात आणि फेब्रुवारीच्या अखेरीस गुपचूप नाहीसे होतात. जानेवारीत केलेल्या प्रत्येक नोंदीपुढे मी ‘मार्चमध्ये पुन्हा पाहणे’ असे लिहून ठेवतो.

एक मार्ग सहसा कोणाला सुचत नाही. टोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) किंवा वनस्पतीजन्य चीज तयार करणारे लहान उत्पादक आपला माल कोठे मिळतो याची यादी आपल्या संकेतस्थळावर देतात, कारण ती त्यांची जाहिरातच असते. एखाद्या उपाहारगृहाचे नाव अशा यादीत नव्याने आले, की त्याच्या मेनूवर काहीतरी बदलत असल्याची ती पहिली खूण असते. तसेच अनेक नव्या जागा आधी आठवडी बाजारातील एक टेबल किंवा जत्रेतील एक गाडी म्हणून सुरू होतात आणि जम बसल्यावर दुकान घेतात. बाजारात चांगले हाती लागले, तर विक्रेत्यालाच विचारावे की पुढे कोठे बसण्याचा विचार आहे. तो आनंदाने सांगतो.

चौथी पायरी: निघण्यापूर्वी एक फोन

फोन दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मधल्या वेळेत करावा. गर्दीच्या वेळी कोणीही ‘हो हो, आहे’ म्हणून मोकळे होते. ‘तुमच्याकडे व्हीगन काही मिळते का’ असा प्रश्न विचारू नये, कारण ‘व्हीगन’ म्हणजे ‘शाकाहारी’ असा समज असलेला माणूस त्याला प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो आणि तरीही चुकतो. त्याऐवजी ‘आजच्या मेनूतील कोणत्या पदार्थांत दूध, लोणी, चीज, अंडी आणि मध यांपैकी काहीच नाही’ असे विचारावे. पलीकडचा माणूस थांबला आणि ‘एक मिनिट, आत विचारून सांगतो’ म्हणाला, तर ते चांगले लक्षण समजावे. तत्काळ आलेल्या होकारापेक्षा या एका मिनिटावर माझा विश्वास अधिक आहे.

जागा अगदी नवी असेल, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जाऊन तिच्यावर शिक्का मारू नये. त्या काळात स्वयंपाकघराची घडी बसलेली नसते, माल पुरवणारे बदलत असतात आणि छापलेले मेनूकार्ड व प्रत्यक्ष शिजणारे पदार्थ यांत अंतर असते. महिना-दीड महिन्याने गेल्यास ती जागा पुढे कशी असेल याचा अंदाज खरा येतो.

पाचवी पायरी: मेजावर बसल्यावर

या पायरीवर थोडे अधिक थांबणे भाग आहे, कारण बहुतेक चुका येथेच होतात आणि त्या कोणाच्या वाईट हेतूने होत नाहीत. प्राणिजन्य घटक सहसा पदार्थाच्या नावात नसतो. तो त्याच्या खाली, वर किंवा भोवती असतो. सूपमधील भाज्या डोळ्यांना दिसतात, पण ते ज्या पाण्यात शिजले ते हाडांचे किंवा कोंबडीचे सत्त्व असू शकते. भाजलेल्या भाज्यांवर ताट बाहेर जाण्याच्या क्षणी लोण्याचा ब्रश फिरतो आणि ही शेवटची क्रिया पाककृतीत लिहिलेली नसल्यामुळे विचारल्यावर ती स्वयंपाक्याला आठवतही नाही. बर्गरच्या पावाला चकाकी यावी म्हणून त्यावर अंडे फासलेले असते. ताज्या पास्त्यात अंडे असते, तर कोरड्या पास्त्यात बहुधा नसते. कित्येक गडद सॉसमध्ये मासे किंवा कालवे असतात. बाहेरून आणलेल्या गोठवलेल्या बटाट्याच्या कापांवरील कुरकुरीत लेपात कधी दुधाचा अंश निघतो.

यावरून विचारायचे प्रश्न आपोआप ठरतात. पदार्थ कशात शिजवला, शेवटी वरून काय घातले, सोबतचा पाव आणि सॉस येथे बनतात की बाहेरून येतात, आणि तळण वेगळे आहे का, एवढे चार प्रश्न बहुतेक ठिकाणी पुरतात. बाहेरून येणाऱ्या वस्तूचे पाकीट पाहायला मागण्यात संकोच नसावा. एकदा एका नव्याने उघडलेल्या कॅफेत माझ्या कॉफीत वनस्पतीजन्य साय घातली असल्याचे मला दोघांनी दोनदा सांगितले. मी सहज पाकीट पाहायला मागितले. समोरच्या बाजूस मोठ्या अक्षरांत ‘नॉन-डेअरी’ असे लिहिलेले होते आणि मागे, घडीखाली गेलेल्या ओळीत ‘सोडियम केसिनेट, दुधापासून मिळवलेले’ असे. काउंटरवरच्या मुलीने ते माझ्याआधी वाचले, पुन्हा एकदा वाचले आणि पाकीट आतल्या माणसाकडे घेऊन गेली. ती खोटे बोलली नव्हती; पाकिटाची मागची बाजू तेथे आजवर कोणी पाहिलीच नव्हती. केसिनेट हे दुधातीलच प्रथिन आहे आणि ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या मालात ते असू शकते, हे तेव्हापासून मी दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखे लक्षात ठेवले आहे.

कॉफीच्या काउंटरवर आणखी एक गोष्ट दोन फुटांवरून सहज दिसते. दूध फेसाळण्याची वाफेची नळी एकच असते. साध्या दुधानंतर ती ओल्या फडक्याने पुसून, वाफेचा एक फवारा मोकळा सोडून मगच ओटच्या दुधाच्या भांड्यात बुडवली जाते की तशीच, आणि ओटच्या दुधासाठी वेगळे भांडे आहे की एकच भांडे विसळून वापरले जाते, हे पाहावे. ज्या जागेत वेगळ्या भांड्याला रंगीत पट्टी लावलेली दिसते, त्या जागेत आतल्या स्वयंपाकघरातही काही शिस्त असण्याची शक्यता बरीच असते.

मोठ्या साखळ्यांच्या बाबतीत ‘वनस्पतीजन्य’ आणि ‘व्हीगन’ या शब्दांतील फरक ओळखावा. बर्गरमधील टिक्की सोयाबीनची किंवा वाटाण्याच्या प्रथिनाची असते, म्हणून ती वनस्पतीजन्य म्हटली जाते. पण तिच्यावर ठरलेल्या कृतीप्रमाणे अंड्याचे मेयोनेझ येते आणि ती मांसाच्याच जाळीवर भाजली जाते. मेयोनेझ काढून टाकायला सांगता येते, जाळी बदलायला सांगता येईलच असे नाही. येथे पहिल्या पायरीवर आखलेली रेषा उपयोगी पडते.

सहावी पायरी: पाकीट उलटे धरावे

दुकानातील नव्या वस्तूची समोरची बाजू जाहिरातीसाठी असते, म्हणून वाचनाची सुरुवात मागून करावी. सर्वप्रथम प्रमाणचिन्ह शोधावे. व्हीगन सोसायटीचे सूर्यफुलाचे चिन्ह १९९० पासून दिले जाते आणि व्ही-लेबल हे पिवळे चिन्ह १९९६ पासून वापरात आहे. व्ही-लेबलच्या बाबतीत एक सावधगिरी घ्यावी: ते शाकाहारी आणि व्हीगन अशा दोन्ही प्रकारांसाठी दिले जाते, तेव्हा चिन्हाजवळ बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय वस्तू टोपलीत टाकू नये. व्हीगन खाद्यपदार्थांच्या व्याख्येसाठी २०२१ पासून आयएसओ २३६६२ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे, पण ते उत्पादकांच्या उपयोगाचे आहे. आपण दुकानात त्याचा शोध घेण्याची गरज नाही.

चिन्ह नसेल, तर घटकांच्या यादीकडे वळावे. अनेक देशांत अ‍ॅलर्जीकारक घटक ठळक अक्षरांत छापावे लागतात, त्यामुळे दूध, अंडे, मासे आणि कवचधारी प्राणी एका दृष्टिक्षेपात सापडतात. नवशिके बहुधा येथेच थांबतात आणि फसतात, कारण मध, डुकराच्या किंवा गुरांच्या कातडीपासून काढलेले जिलेटिन, कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग, लाखेच्या किड्यांपासून मिळणारे शेलॅक आणि मधमाश्यांचे मेण हे अशा ठळक छापण्याच्या यादीत सहसा येत नाहीत. युरोपीय पद्धतीत लाल रंगाला ई-१२०, मेणाला ई-९०१ आणि शेलॅकला ई-९०४ असे क्रमांक आहेत. चमकदार गोळ्या-चॉकलेटांवर आणि काही फळांच्या सालींवर शेवटचे दोन आढळतात. ई-४७१ ही गोष्ट वेगळी: ते स्निग्धाम्लांपासून बनते, ती स्निग्धाम्ले वनस्पतीची असू शकतात किंवा प्राण्यांची, आणि केवळ क्रमांकावरून ते कळत नाही. लेसिथिन म्हणजे ई-३२२ हेही सोयाबीनचे किंवा अंड्याचे असू शकते. अशा वेळी उत्पादकाला एक ओळीचा ईमेल पाठवावा आणि आलेले उत्तर तारखेसह वहीत चिकटवावे.

पोषणासाठी वाढवलेल्या घटकांत दोन जागा विशेष फसव्या आहेत. ड३ हे जीवनसत्त्व बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतील लॅनोलिनपासून तयार होते. व्हीगन ड३ दगडफुलांच्या वर्गातील लायकेनपासून मिळते आणि तसे असल्यास उत्पादक ते अभिमानाने लिहितो, न लिहिल्यास काय समजायचे ते उघड आहे. ओमेगा-३ वाढवलेल्या रसात किंवा पावात माशाचे तेल असू शकते, शैवालाचे तेलही असू शकते.

‘दुग्धशर्करामुक्त’ म्हणजे दूधमुक्त नव्हे. ते लॅक्टोज काढलेले गाईचे दूधच असते. याउलट ‘दुधाचा अंश असू शकतो’ ही सूचना घटकाविषयी नसून एकाच कारखान्यात इतर माल बनत असल्याविषयी असते. व्हीगन प्रमाणचिन्ह आणि ही सूचना एकाच पाकिटावर असणे यात विसंगती नाही, पण अ‍ॅलर्जी असलेल्याने ती अक्षरशः घ्यावी.

शेवटी, नावांचा गोंधळ. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेल्या निकालानुसार युरोपीय संघात ‘दूध’, ‘लोणी’, ‘चीज’ ही नावे काही ठरलेले अपवाद सोडता प्राण्यांच्या दुधापासून केलेल्या वस्तूंनाच वापरता येतात. त्यामुळे तेथे ओटचे दूध ‘ओट पेय’ म्हणून विकले जाते. दुकानाच्या संकेतस्थळावर ‘दूध’ असे शोधून काही मिळाले नाही, तर ‘पेय’ असे शोधावे.

पोटात काय जाते, याचाही हिशेब

व्हीगन असणे आणि पौष्टिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नव्या वस्तू पाहताना सतत विसरले जाते. सोयाबीनच्या दुधात १०० मिलीलिटरमागे सुमारे ३ ग्रॅम प्रथिन असते, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास. ओटच्या दुधात ते सुमारे १ ग्रॅम आणि बाजारातील बदामाच्या दुधात बहुधा त्याच्याही निम्मे असते. ज्याला दुधाऐवजी दुधासारखे पोषण हवे आहे त्याने बदामाचे दूध घेणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवण्याइतकेही होत नाही. वनस्पतीजन्य चीजचे बरेच प्रकार खोबरेल तेल आणि स्टार्च यांचे बनलेले असतात. त्यांत संपृक्त स्निग्धांश भरपूर आणि प्रथिन जवळजवळ शून्य असते. चवीसाठी खावेत, प्रथिनासाठी त्यांच्यावर विसंबू नये. बनावट मांसाच्या पदार्थांत मीठ पाहावे: १०० ग्रॅममागे दीड ग्रॅमपेक्षा अधिक मीठ ब्रिटनच्या रंगीत लेबलांच्या पद्धतीत ‘जास्त’ गणले जाते. लेबलावर मिठाऐवजी सोडियम दिले असेल, तर त्या आकड्याला अडीचने गुणावे.

बी१२ हे जीवनसत्त्व मात्र दुर्लक्षून चालत नाही, कारण वनस्पतीजन्य आहारात त्याचा भरवशाचा नैसर्गिक स्रोत नाही. स्पिरुलिनाच्या पाकिटावर बी१२ चा आकडा दिसला, तरी त्यातील बहुतांश भाग शरीराला उपयोगी नसलेल्या रूपात असतो. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाला २.४ मायक्रोग्रॅमची शिफारस आहे. बी१२ मिसळलेल्या वनस्पतीजन्य दुधात १०० मिलीलिटरमागे ०.३८ मायक्रोग्रॅम असेल, तर केवळ त्यावर ही गरज भागवायला दिवसाला ६०० मिलीलिटरहून अधिक दूध प्यावे लागेल. म्हणून स्वतंत्र गोळी घेणेच सोपे पडते. आणि कॅल्शियम मिसळलेले दूध ओतण्यापूर्वी डबा जोरात हलवावा, कारण कॅल्शियम तळाशी बसते आणि बऱ्याच घरांत ते डब्यासकट कचऱ्यात जाते.

सातवी पायरी: ‘प्राण्यांविना’ म्हणवणाऱ्या नव्या वस्तू

गेल्या काही वर्षांत अशा वस्तू आल्या आहेत, ज्यांच्यासाठी जुने शब्द पुरत नाहीत. सूक्ष्मजीवांना योग्य जनुक देऊन त्यांच्याकडून दुधातील व्हे प्रथिन टाकीत तयार करून घेतले जाते आणि त्याचे आइस्क्रीम ‘प्राण्यांविना बनवलेले’ म्हणून विकले जाते. गाय त्यात कोठेही नसते, परंतु प्रथिन तेच असल्यामुळे दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यास त्याची प्रतिक्रिया येऊ शकते. प्राण्यांच्या पेशी वाढवून केलेल्या मांसाच्या विक्रीला सिंगापूरने २०२० च्या डिसेंबरात आणि अमेरिकेने २०२३ मध्ये परवानगी दिली. ते वनस्पतीजन्य नाही आणि माझ्या वहीत त्याला व्हीगन म्हणून जागा नाही. ज्यांना ते नैतिकदृष्ट्या मान्य आहे, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मुद्दा एवढाच, की ‘प्राण्यांविना’ हे शब्द दिसले की घटकांची यादी दुप्पट लक्ष देऊन वाचावी.

न खाण्याच्या वस्तूंत सौंदर्यप्रसाधनांवरील ‘क्रूरतामुक्त’ हा शब्द चाचण्यांविषयी असतो. अशा लिपस्टिकमध्ये मधमाश्यांचे मेण किंवा कोचिनीलचा रंग खुशाल असू शकतो. दोन्ही दावे वेगवेगळे तपासावेत. चामड्याऐवजी वापरली जाणारी बहुतेक द्रव्ये प्लास्टिकची असतात, अननसाच्या पानांपासून केलेल्या कापडावरही राळेचा थर असतो, आणि बुटाचा डिंक प्राणिजन्य असू शकतो.

आठवी पायरी: उपक्रम

खाण्याबाहेरचे व्हीगन जग शहरात जत्रा, पाकवर्ग, पायी फिरून चव घेण्याच्या सहली, प्रत्येकाने एक पदार्थ आणायची स्नेहभोजने आणि प्राणी-आश्रयस्थानांच्या भेटी अशा रूपांत दिसते. नवख्याला मी प्रथम स्नेहभोजन सुचवीन. तेथे खर्च कमी येतो, आणि कोणत्या दुकानात कोणती वस्तू आली व कोठला स्वयंपाकी बदलला याची ताजी माहिती तासाभरात हाती लागते, जी इतरत्र महिनाभरातही मिळत नाही. आपण नेलेल्या पदार्थासमोर घटकांची चिठ्ठी ठेवावी; तिच्यावरून ओळखी होतात.

पाकवर्गात नाव घालण्याआधी प्रत्येकाने स्वतः शिजवायचे आहे की शिकवणाऱ्याकडे पाहत बसायचे आहे, हे विचारावे. प्रात्यक्षिकाला गर्दी चालते, पण हाताने करून शिकण्याच्या वर्गात एका शेगडीमागे दोनपेक्षा अधिक माणसे असली तर निम्मी केवळ उभी राहतात. जत्रेत सकाळी जावे, कारण दुपारनंतर लहान विक्रेत्यांचा माल संपतो आणि उरतात ते मोठे ठेले, जे वर्षभर कोठेही भेटतात.

प्राणी-आश्रयस्थान निवडताना अधिक चिकित्सा करावी. खऱ्या आश्रयस्थानात प्राण्यांची पैदास होत नाही, त्यांची विक्री होत नाही, त्यांच्यावर बसून फिरवले जात नाही आणि भेटीच्या वेळा प्राण्यांच्या सोयीने ठरतात. २००७ मध्ये स्थापन झालेला ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्च्युअरीज हा महासंघ अशा संस्थांची तपासणी करून मान्यता देतो. त्याची सूची पाहता येते. जेथे दर तासाला पिल्ले मांडीवर घेऊन छायाचित्रे काढण्याची सोय आहे, तेथे ती पिल्ले येतात कोठून, हा एक प्रश्न विचारला की बोलणे सहसा आटोपते.

नववी पायरी: खोडणे

यादीत नाव घालणे सोपे असते, काढणे जिवावर येते. न्यूयॉर्कच्या इलेव्हन मॅडिसन पार्क या नामांकित उपाहारगृहाने २०२१ मध्ये आपला संपूर्ण मेनू वनस्पतीजन्य केला. तेव्हाही चहा-कॉफीसोबत दूध आणि मध मिळत होते, म्हणजे माझ्या वहीत ते ‘फक्त’ या दर्जाला पोहोचलेच नसते. २०२५ मध्ये त्यांनी मांस पुन्हा मेनूत आणले. फ्रान्समधील ओना या व्हीगन उपाहारगृहाला २०२१ मध्ये मिशेलिन या उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळाला आणि पुढच्याच वर्षी ते बंद झाले. बदल उलट दिशेनेही होतो: बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या वाताशयाचा वापर थांबवणार असल्याचे गिनेस या बिअर-उत्पादकाने २०१५ मध्ये जाहीर केले, आणि तरीही त्यानंतर कित्येक वर्षे जुन्या याद्यांमध्ये ती बिअर वर्ज्य म्हणून फिरत राहिली.

म्हणून प्रत्येक नोंदीला मुदत घालावी. पूर्ण व्हीगन जागेला मी एक वर्ष देतो, ‘मर्यादित’ जागेला तीन महिने आणि पाकीटबंद वस्तूला सहा महिने. मात्र ‘नवी चव’ किंवा ‘सुधारित कृती’ असे शब्द पाकिटावर दिसले, की मुदत त्याच क्षणी संपली असे समजून घटक पुन्हा वाचावेत. स्वयंपाकी, मालक किंवा मेनूकार्डाचा रंग बदलला, तरी तेच. मुदत संपलेली नोंद खोडू नये, पुन्हा ‘ऐकीव’ रकान्यात ढकलावी, आणि खात्री झाल्यावर सार्वजनिक सूचीतही दुरुस्ती सुचवावी. त्या दुरुस्तीत राग किंवा शेरा नसावा. काय विचारले, कोणी उत्तर दिले आणि कधी, एवढेच असावे.

नमुना म्हणून माझ्या वहीतील त्या कॅफेची नोंद देतो. आधी लिहिले होते: ‘हो, ओट, सोया, साय, काउंटरवर विचारले.’ त्यावर आडवी रेघ आहे. खाली दुसऱ्या शाईत: ‘मर्यादित, ओट व सोया चालेल, भांडे वेगळे, साय नको, केसिनेट, पाकीट पाहिले.’ आणि त्याखाली, चार महिन्यांनंतरच्या तारखेने: ‘साय बदलली. काउंटरवरच्या मुलीने विचारण्याआधीच पाकीट उलटे करून दाखवले. हो.’